गोदूताईंची आठवण कशी ठेवायची?



8 ऑक्टोबर 1997 ला गोदावरी परुळेकरांना जाऊन एक वर्ष झालं. त्यानंतर दोनच दिवसांनी, 10 ऑक्टोबरला, तलासरीकडे 1945 सालच्या हुतात्म्यांचा दिवस पाळतात. म्हणजे हा आठवडा आठवणींचाच. जागोजागी सभा झाल्या, फोटोला हार पडले, "गोदूताई अमर रहे" म्हणून माणसं घरी गेली. हाराला आमची ना नाही. पण हारावर थांबणं आम्हाला पटत नाही. का पटत नाही ते या अंकात जरा सविस्तर लिहितो आहोत. दोन स्टेन्सिल जास्त लागले तरी लागोत.

आपल्यातले बरेच जण सध्या एकलहऱ्याच्या आसपास आहेत. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची माणसं. द्राक्षाच्या छाटणीला कोणी आलं, कोणी वीटभट्टीची उचल घेतली, कोणी बांधकामावर पाट्या वाहतं. भात कापायला आला की चार दिवस गावी पळायचं आणि परत यायचं. औष्णिक केंद्राच्या चिमण्या जिथून दिसतात तिथल्या एका झोपडीपुढे आपण गोदूताईंसाठी बसलो होतो. पंचवीस-तीस माणसं असतील. तिथे एका पोराने विचारलं, "ही बाई आपल्यातली होती का?" मोठ्या माणसांनी त्याला गप्प केलं. पुण्यतिथीला असं विचारू नये म्हणाले. आमच्या मते त्या रात्री तेवढा एकच प्रश्न कामाचा होता.

त्याचं उत्तर आहे, नाही. गोदूताई आपल्यातल्या नव्हत्या. पुण्यात 1907 साली गोखल्यांच्या घरी जन्म. वडील नामांकित वकील. त्या काळात मुलीला चौथी शिकवली तरी लोक बोलायचे, तेव्हा गोदूताई कॉलेजात गेल्या, कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रात कायदा शिकलेल्या पहिल्या बायांमध्ये त्यांचं नाव घेतात. काळा कोट घालून सुखात राहता आलं असतं. त्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, घर सुटलं, मुंबई गाठली. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य. मुंबईत साक्षरतेचे वर्ग चालवले, घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली. 1939 मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न केलं आणि त्याच सुमाराला दोघं कम्युनिस्ट पक्षात गेले. मग किसान सभा, आणि किसान सभेतून ठाणे जिल्ह्याचं जंगल.

हे सगळं सांगितलं की ऐकणारा म्हणतो, बघा, एवढी शिकलेली बाई आपल्या गरिबांसाठी आली! इथेच गाडी रस्ता सोडते. कारण गोष्ट पुढे अशी सांगितली जाते की वारली झोपलेले होते, बाई आल्या, त्यांनी उठवलं, वेठ गेली. देवीने येऊन राक्षस मारावा तशी. आणि देवी केली की माणसं वाट बघत बसतात. आपल्या तालुक्यात अजून एखादी गोदूताई आली नाही, म्हणून आपलं काम अडलं आहे असं बोलणारे आम्ही कानाने ऐकलेले आहेत.

खरं काय घडलं ते बघू. त्या वेळी ठाण्याच्या डहाणू-उंबरगाव भागात वेठबिगार होती. मालकाने बोलावलं की आपलं शेत सोडून आधी त्याच्या शेतावर जायचं, मजुरी नाही. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं मालकाकडे लग्नगडी. कर्ज फिटायचं नाही, जन्म संपायचा. लग्नगड्याच्या बायकोवरही मालक आपला हक्क सांगायचा. गोदूताई पहिल्यांदा पाड्यावर गेल्या तेव्हा लोक त्यांच्याशी बोलायलाही तयार नव्हते. पांढऱ्या कपड्यातला माणूस म्हणजे मालकाचा नाहीतर सरकारचा, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावं लागत नाही. त्या पायी फिरल्या, पाड्यावर राहिल्या, तिथे मिळेल ते खाल्लं, आणि पुन्हा पुन्हा गेल्या. 1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिला मूठभर वारली गेले होते. तिथे त्यांनी स्वतःच्या तोंडाने आपलं गाऱ्हाणं मांडलं. मे महिन्यात झरीला परिषद झाली तर हजारो जमले. तिथून वेठ बंद करायचं ठरलं. पाच महिन्यांत मूठभराचे हजार! हे एका बाईच्या भाषणाने होत नाही. रात्री पाड्यापाड्यांत निरोप घेऊन कोणीतरी गेलं, कोणीतरी चुलीपुढे बसून घाबरलेल्यांना समजावलं, कोणीतरी पहिल्यांदा मालकाला "येत नाही" म्हणून सांगितलं आणि मार खाल्ला. ते कोणीतरी म्हणजे आपली माणसं.

आणि आता तलवाड्याची गोष्ट. ही प्रत्येक कार्यकर्त्याने नीट ऐकावी. ऑक्टोबर 1945 मध्ये गवत कापणीच्या मजुरीसाठी संप चालू होता. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी. वेठ तर आधीच सुटली होती, आता मजुरीही मागतात म्हणून मालक खवळलेले. तेव्हा मालकांच्या बाजूने एक निरोप पसरवला गेला की तलवाड्याला गोदूताईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या-कोयते घेऊन या. लोक धावले. हजारो माणसं जमली. गोदूताई तिथे नव्हत्याच. पोलीस होते. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं मेले. गोळ्या सुटल्या तरी लोक लाल बावट्याजवळून हटेनात.

या प्रसंगातून शौर्य सगळे सांगतात, आणि ते सांगायलाच हवं. आम्हाला त्यात आणखी एक दिसतं. ज्या नावावर सगळे धावतात, ते नाव चोरून सापळा लावता येतो. माया खरी होती, निरोप खोटा होता. आजही आपल्याकडे "अमक्या भाऊंनी सांगितलंय" एवढ्यावर माणसं ट्रकात बसतात. कोणी सांगितलं, कुठल्या बैठकीत ठरलं, हे विचारायची लाज वाटते.

पण तलवाड्यानंतर काय झालं तेही बघा. परुळेकरांना जिल्ह्यात यायची बंदी झाली. बाई नाहीत, शामराव नाहीत, पोलीस गावोगाव. मालकांना वाटलं आता संप मोडला. मोडला नाही! लोकांनी तो चालवला आणि मालकांना मजुरी वाढवावी लागली. आमच्या मते गोदूताईंच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम ते, जे त्या हजर नसताना झालं. आपण गेलो तरी काम चालावं अशी माणसं त्यांनी तयार केली होती. नाहीतर हल्ली पुढारी दोन दिवस तापाने पडला की मोर्चा पुढे ढकलतात.

पुढचं थोडक्यात. इंग्रजांच्या राज्यात तुरुंग झाला, स्वराज्यातही झाला. 1965 च्या ऑगस्टमध्ये शामराव तुरुंगातच गेले, तेव्हा गोदूताईही तुरुंगातच होत्या. 1970 मध्ये त्यांचं "जेव्हा माणूस जागा होतो" हे पुस्तक आलं, 1972 ला त्याला साहित्य अकादमीचा मान मिळाला. 1986 मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, बाई म्हणून पहिल्याच. आपल्यातले सगळे काही लाल बावट्याचे नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. पण पक्ष कुठलाही असो, ते पुस्तक ज्याला वाचता येतं त्याने ज्याला येत नाही त्याला वाचून दाखवावं. एकलहऱ्याच्या बैठकीत एक प्रत फिरते आहे. कव्हर गेलेलं आहे, पानं सगळी आहेत. माघारी द्या म्हणजे झालं.

त्या पोराच्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. ही बाई आपल्यातली नव्हती, बरं. मग आपल्यातल्या कोण? गोदूताईंचं नाव आहे, कारण त्या लिहू शकत होत्या आणि त्यांच्याबद्दल लिहिणारे होते. राघोजी भांगऱ्याचं नाव आहे, कारण इंग्रजांनी त्याला 1848 मध्ये ठाण्याला फाशी दिलं आणि सरकारी कागदात ते लिहून ठेवलं. पण डोंगरात लपलेल्या माणसांना भाकरी कोणी पोचवली? वाटेवर पोलीस आले तर रानात लाकडं तोडायचं सोंग कोणी केलं? तुरुंगात गेलेल्याच्या मागे शेत कोणी नांगरलं, आवण कोणी लावली? बायांनीच. त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

यात नुसता मान-अपमानाचा सवाल असता तर एवढं लिहिलं नसतं. सवाल जमिनीचा आहे.

आपली वहिवाट कधीपासूनची, यावर सगळं अडलेलं आहे. महाराष्ट्र सरकारच्या 1978 च्या निर्णयाने 31 मार्च 1978 पर्यंतची वहिवाट धरली. केंद्राच्या 1990 च्या परिपत्रकाने 25 ऑक्टोबर 1980 ची रेघ मारली, कारण वनसंवर्धन कायदा त्या दिवसापासून लागू झाला. म्हणजे 1997 मध्ये त्या रेघेच्या आधी प्लॉट कसत होतो हे दाखवावं लागत होतं. दाखवायचं कशाने? साहेब म्हणायचे, दंडाची पावती आणा. ज्याला पावती मिळाली तो सुटला. पण कितीतरी जणांकडून दंड पावतीवर घेतलाच नाही, कोंबडीवर घेतला. कोंबडीची पावती कोण देतं? ज्याने इमानाने कोंबडी दिली, डाळ दिली, तूप दिलं, त्याच्याकडे आज कागद नाही. आणि कागद नाही म्हणून तो कालचा घुसखोर!

अशा वेळी पुरावा कुठे आहे? म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात. त्यातही जास्त करून डोकऱ्यांच्या. पुरुष माणूस म्हणतो, "लई वर्षांपासून कसतो, साहेब." साहेब लिहितो, "नक्की साल सांगता आलं नाही." आता त्याच घरातल्या आजीला विचारा. ती साल सांगत नाही, पण असं सांगते: थोरली पोटात होती तेव्हा खालचा तुकडा खणला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलो तेव्हा वरच्या तुकड्यात नागली होती, ती जळाली. मधल्या पोराच्या पाचवीला रखवालदार आला आणि बी भरायला ठेवलेली खुरासणी घेऊन गेला. इंदिराबाईला मारलं त्या साली बांध फुटला, तो आम्ही दोघी जावांनी घातला. थोरल्या पोरीचं वय शाळेच्या दाखल्यावर आहे. दुष्काळाचं साल साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. इंदिरा गांधी 1984 ला गेल्या, ते साहेबालाही पाठ आहे. जोडा आता! तुकड्या-तुकड्याचा इतिहास उभा राहतो, आणि कुठलं रोप कुठे लावलं, कुठला दगड सरकवला, राब कुठे भाजला इतकं बारीक कोणी खोटं रचू शकत नाही. पुरुषाला हे सगळं आठवत नाही असं नाही. पण लावणी, निंदणी, बी राखणं, बांधावरची भाजी हे जिच्या हाताखालून गेलं तिला जास्त आठवणार, यात नवल काय?

आणि पंचनाम्याला हीच म्हातारी कुठे असते? चूल फुंकत. साहेबांना चहा करत. पंच पुरुष, जबाब पुरुषाचा, अंगठा पुरुषाचा. तिला कोणी विचारत नाही. ती मेली की आपण म्हणतो, फार मायाळू होती बिचारी, सगळ्या पाड्याचं बाळंतपण केलं तिने. दहावं-बारावं करतो, गूळ-भात वाटतो. आणि तिच्याबरोबर चाळीस-पन्नास वर्षांचं दप्तर जळून गेलं, हे ध्यानातही येत नाही. तलाठ्याचं दप्तर जळलं तर केवढा ओरडा होतो!

म्हणून आमचं मत असं आहे की गोदूताईंची आठवण ठेवायची तर प्रत्येक पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायांची जबानी लिहून घ्यायची. कागद नसेल तिथे वडीलधाऱ्यांची तोंडी साक्ष पुरावा म्हणून धरा, ही आपल्यासारख्या संघटनांची मागणी 1997 मध्येही जुनीच होती. पण मागणी करणाऱ्याने साक्ष तयार ठेवायला नको का? साक्ष द्यायची वेळ आली आणि तोवर साक्ष देणाऱ्या निम्म्या बाया गेल्या, तर?

काही भाऊ म्हणतील, बाईची जबानी कशाला, घर एकच आहे, नवऱ्याची घेतली की दोघांची झाली. या बोलण्याच्या पोटात दुसरी भीती आहे, ती उघड बोललेली बरी. बाईने "मी कसला" म्हटलं तर उद्या ती "माझं नाव लावा" म्हणेल, ही ती भीती. म्हणू दे की! आमचं तर म्हणणं आहे की दावा करताना नवरा-बायको दोघांचं नाव टाकावं, आणि विधवेचं, टाकलेल्या बाईचं एकटीचं टाकावं. आपल्याच जिल्ह्यात चांदवडला 1986 मध्ये शेतकरी संघटनेने बायांचं केवढं अधिवेशन भरवलं. पुढे त्यांनी लक्ष्मीमुक्ती काढली आणि कितीतरी शेतकऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावावर जमीन केली. ते बागायतवाले, सातबारावाले. त्यांचे आपले विचार सगळे जुळत नाहीत. पण ज्यांच्या बाया शेतावर आपल्या बायांपेक्षा जास्त राबत नाहीत ते हे करतात, आणि आपण "आमच्यात बाईला मान आहे" म्हणत बसतो. मान आहे तर तो कागदावर यायला काय हरकत आहे?

दुसरी एक शंका आली होती, ती खरी आहे. आजी घाबरते. साहेबापुढे बोलायची सवय नाही, काही बोलले आणि दावा बुडाला तर, असं तिला वाटतं. म्हणून पहिल्यांदा साहेबापुढे नकोच. घरात, ओट्यावर, शेतात बांधावर बसून बोलू द्या. बांधावर तर तिला जास्त आठवतं, हे करून बघितलेलं सांगतो. लिहिणाऱ्याने मध्ये मध्ये "साल सांग, साल सांग" करू नये. तिच्या बोलीत लिहावं. कोकणी, वारली, कोळ्यांची बोली, जशी असेल तशी. शुद्ध मराठी करायला गेलं की गोष्टीतला जीव जातो, आणि साहेब म्हणतो हे तर कार्यकर्त्याने लिहिलं. शाळेत जाणाऱ्या पोरींनी लिहिलं तर सगळ्यात बरं. त्यांच्यापुढे आज्या मोकळ्या होतात. लिहून झाल्यावर तिला पुरं वाचून दाखवावं, मग अंगठा घ्यावा आणि शेजारच्या दोन घरांची सही.

हे आत्ताच का, तर घड्याळ चालू आहे. भुरिया समितीने सांगितल्यावर दिल्लीने आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा केला. त्यावर 24 डिसेंबर 1996 ला राष्ट्रपतींची सही झाली. पाडा हेही गाव धरता येईल आणि त्या गावाची ग्रामसभा आपल्या रीतीभाती, आपली साधनसंपत्ती राखू शकेल, असं त्यात आहे. राज्याला आपले कायदे त्याप्रमाणे बदलायला एक वर्ष होतं, म्हणजे 24 डिसेंबर 1997 पर्यंत. पेठ, सुरगाणा, कळवण तर पुरे या भागात येतात, बाकी तालुक्यांची काही गावं येतात. मुंबईत बसून काय बदलतील, किती पाणी घालतील, ते तेव्हा दिसायचं होतं. त्यावर पुढच्या अंकात लिहू. पण पाड्याची ग्रामसभा खरंच बसली तर तिच्यापुढे ठेवायला आपल्याजवळ काय असेल? आज्यांच्या जबान्यांची वही असेल तर ती ग्रामसभा आपल्या तोंडाने सांगू शकेल की हा तुकडा अमकीने अमक्या वेळी फोडला, आम्ही साक्षी आहोत.

त्या रात्री एकलहऱ्याला आपण उठलो तेव्हा एक म्हातारे बाबा हसत म्हणाले, नदीचं नाव गोदावरी, बाईचं नाव गोदावरी. ब्रह्मगिरीवरून निघालेली नदी नाशिक ओलांडून इथून पुढे जाते, आणि आपण पोटासाठी तिच्या मागे मागे आलो. बाबांचं बोलणं गोड होतं. पण आम्हाला वाटतं, नदीबरोबर खाली आलेल्यांनी आता थोडे दिवस वर जावं.

वाघबारशीला आणि दिवाळीला बहुतेक सगळे गावी जाणार आहेत. तेव्हा दोनशे पानी एक वही आणि दोन पेनं घेऊन जा. पाड्यावरची सगळ्यात म्हातारी बाई आधी, मग बाकीच्या. ज्या आजारी आहेत त्यांना अजिबात थांबवू नका. वहीच्या पहिल्या पानावर पाड्याचं नाव आणि बायांची यादी घाला, लिहिणाऱ्या पोरीचं नावही घाला. मूळ वही पाड्यातच ठेवायची, कोणी कितीही मोठा पुढारी आला तरी त्याच्या हातात द्यायची नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीला फक्त नक्कल घेऊन या. ज्यांच्याकडे लिहिणारं कोणी नाही त्यांनी आत्ताच कळवा, शेजारच्या गावातून पोरी पाठवू. त्यांच्या येण्या-जाण्याची एसटी पाड्याने द्यायची आहे, जेवण तर आपल्याकडे कोणी मोजत नाही.